शिल्लक दोन तास

जावयाने सासऱ्याकडे काही ठेवायला देऊ नये, आणि दिलंच तर सासऱ्याने घेऊ नये. हे मला आज कळतंय. त्या रविवारी संध्याकाळी कळलं असतं तर माझं एकतीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं.

आमचा जावई श्रीयश पुण्याला एका कंपनीत इंजिनिअर आहे. पाच दिवस कॉम्प्युटरपुढे बसतो आणि सुट्टीच्या दिवशी पवनेच्या पाण्यात बुडतो. म्हणजे मुद्दाम बुडतो. पाठीवर यंत्र, तोंडात नळी, अंगाला चिकटलेला रबरी पोशाख, असा खाली जातो आणि तासाभराने वर येऊन सांगतो की काही दिसलं नाही, गाळ होता. गाळच बघायचा तर आमच्या सोसायटीची टाकी आहे, असं मी एकदा सहज म्हणालो. आसावरीने, म्हणजे आमच्या मुलीने, त्यावर दोन दिवस मला फोन केला नाही.

तर हा श्रीयश त्या रविवारी धरणावरून थेट आमच्याकडे लोणावळ्याला आला. केस ओले, डोळे लाल. त्याने साखरेच्या मोठ्या डब्याएवढा एक प्लॅस्टिकचा डबा दोन्ही हातांनी, गौरी बसवावी तसा, टेबलावर ठेवला.

"बाबा, हा आठवडाभर सांभाळाल?"

"काय आहे यात?"

"चुना. खास चुना, बारीक खड्यांचा."

मग त्याने समजावून सांगितलं. साध्या पाणबुड्याने सोडलेला श्वास बुडबुडे होऊन वाया जातो. याच्या यंत्रात तो वाया जात नाही. सोडलेली हवा या चुन्यातून फिरते, चुना त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, मग थोडा ऑक्सिजन घालून तीच हवा पुन्हा ओढायची.

"म्हणजे उष्टी हवा," नीरजा म्हणाली. नीरजा माझी बायको. सोवळं पाळत नाही, पण उष्ट्याच्या बाबतीत फार कडक आहे.

"गाळून घेतलेली उष्टी हवा, आई."

"ईऽऽ!" म्हणत ती पोह्यांना फोडणी द्यायला निघून गेली.

मला मात्र ते यंत्र मनापासून आवडलं. श्वाससुद्धा टाकून न देणारी माणसं या काळात आहेत, हे ऐकून ऊर भरून आला. श्रीयश पुढे सांगत होता. डब्यातला चुना तीन तास चालतो. आज एक तास वापरला, शिल्लक दोन तास. पुढच्या रविवारी त्याची परीक्षा, त्यासाठी रेणुकाताई नावाच्या परीक्षक मालवणहून येणार. एक तासाची बुडी, पास झाला की सर्टिफिकेट. नवीन चुना मागवलाय तो कुठल्याशा गोदामात अडकलाय. मित्रांचे डबे याच्या यंत्रात बसत नाहीत. त्यामुळे आहे तो एवढाच.

"मग पुण्याला ने की."

"इथवर मित्राच्या गाडीतून आणला. पुढे मोटरसायकलवर हादरे बसतात. खडे जागचे हलता कामा नयेत. वापरलेले आणि न वापरलेले मिसळले की सगळाच बिघडला. हलवायचा नाही, उघडायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही. जमेल ना?"

जमेल ना! मला! अहो, मी एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. एकतीस वर्षांत माझ्या स्टोअरमध्ये एक नट कमी भरला नाही. ऑडिटचे लोक यायचे, मोजायचे, चहा प्यायचे आणि खाली मान घालून जायचे. रजिस्टरमध्ये 'घट' नावाचा एक रकाना असतो. माझ्या रजिस्टरांत तो रकाना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा आहे. असा माणूस निवृत्त झाल्यावर त्याच्या ताब्यात काय येतं? दुधाच्या पिशव्या. त्याही नीरजा मोजून घेते.

मी कपाटातून एक कोरं रजिस्टर काढलं. डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. तीन किलो शंभर ग्रॅम. 'डबा क्र. १. क्षमता तीन तास. वापर एक तास. शिल्लक दोन तास.' श्रीयशची सही घेतली, माझी केली, तीच चिठ्ठी डब्यावर चिकटवली. श्रीयश बघतच राहिला.

निघताना त्याने एक पिशवी पुढे केली. "ही पूर्ण वापरलेल्या चुन्याची. टाकून द्या." आतले खडे जांभळट झाले होते. वापरला की रंग बदलतो, म्हणाला. आता 'टाकून द्या' हे दोन शब्द मी आयुष्यात कधी पाळलेले नाहीत. पिशवी गॅलरीत बादलीमागे गेली. कधीतरी नारळाच्या बुंध्याला फासू.

सोमवारी शेजारचे राजेंद्र आले. राजेंद्र रेल्वेतून निवृत्त झालेत आणि त्यांना सगळ्यातलं थोडं थोडं कळतं. हे फार वाईट. काहीच कळत नसतं तर बरं झालं असतं. त्यांनी डब्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"शरदराव, फ्रिजमध्ये ठेवा."

"नको म्हणून सांगितलंय."

"असं सांगितलंय का?"

सांगितलं नव्हतं. पण करायचंही सांगितलं नव्हतं, आणि स्टोअरमध्ये लेखी आल्याशिवाय काही करायचं नसतं. मग त्यांनी तांदळात ठेवा म्हणून सुचवलं, कारण त्यांचा मोबाइल भिजला होता तेव्हा तांदळात ठेवून बरा झाला होता. शेवटी त्यांचं लक्ष बादलीमागच्या पिशवीकडे गेलं.

"हा तर पांढरा आहे. तुम्ही जांभळा म्हणालात."

पाहतो तर खरंच. रात्रीतून सगळा चुना पुन्हा पांढराशुभ्र.

"विश्रांती मिळाली त्याला," राजेंद्र म्हणाले. "अहो, रेल्वेत आम्ही इंजिनालासुद्धा शेडमध्ये विश्रांती द्यायचो. चुना झाला म्हणून काय झालं?"

मला ते पटलं. पटायला नको होतं, पण पटलं. नीरजा शिळ्या पोळीचा कुस्करा करते तो ताज्या पोळीपेक्षा चांगला लागतो, मग शिळ्या चुन्याचं काय वाईट? मी पिशवीवरही चिठ्ठी लावली. 'विश्रांती सुरू.'

मंगळवारी मला परवानगीसाठी जायचं होतं. धरणाच्या पाण्यात उतरायला परवानगी लागते आणि ती काढायचं काम घरात जो रिकामा असेल त्याच्याकडे येतं. त्या कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण मला तिथे पुन्हा जायचंय. तिथल्या कारकुनाने अर्ज वाचला.

"चुना लिहिलंय हितं. धरणात चुना टाकणार?"

"टाकणार नाही. माणूस तो घेऊन उतरणार."

"आणि वर येताना?"

"चुना घेऊनच येणार."

"तसं लिहून द्या. लोक पितात हे पाणी."

मी लिहून दिलं की नेलेला चुना नेल्या वजनात परत आणला जाईल. कारकून म्हणाला, वजन कोण करणार? मी म्हणालो, मी. तो म्हणाला, तुम्ही कोण? मी म्हणालो, सासरा. त्या नमुन्यात सासऱ्यासाठी रकाना नव्हता. मग 'साक्षीदार' खोडून 'सासरा' लिहिलं, खाडाखोडीवर माझी सही, सहीवर त्यांचा शिक्का. नियम म्हणजे नियम, खोडलं की सही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त शिक्का असलेला माणूस जेवायला गेला होता आणि तो चार वाजेपर्यंत जेवला, एवढंच.

घरी आलो तर गच्चीवर आमचं सगळं घर. ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं. चार महिने लोणावळ्याच्या पावसात राहून आमच्याकडच्या चपलांनाही दाढी येते. त्यामुळे ऊन आलं की गाद्या, रजया, पुस्तकं, लग्नातला कोट, सगळ्याला ऊन दाखवायचं ही इथली रीतच आहे. नीरजा आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या नंदाबाई दुपारपासून त्याच कामात होत्या. रजयांच्या शेजारी, कठड्याला टेकून, डबा क्र. १ उभा होता. झाकण उघडं.

"नंदाबाई!"

"भाऊ, आतून पार घामाजला हुता त्यो. झाकनाला पानी. म्हटलं बुरशी धरंल, म्हून उघडून ठिवला." नंदाबाई पवनेकाठच्या. पस्तीस वर्षं लोकांची घरं वाळवतायत. "अन् एक सांगायचं राह्यलं. वर आनताना हातातनं सुटला. थोडं सांडलं. निम्मं भरलं परत, निम्मं केरात गेलं. माजी चूक झाली, भाऊ."

बाई सांगून मोकळी झाली. हलवायचा नाही, उघडायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, तिन्ही नियम एका दुपारी संपले.

डबा काट्यावर ठेवला. दोन किलो सातशे. चारशे ग्रॅम घट.

डबा उतरवून पुन्हा ठेवला, तरी तेवढंच. रजिस्टर उघडलं. घटीच्या कोऱ्या रकान्यावर पेन टेकवलं. हात पुढे जाईना. एकतीस वर्षं! आणि कुणापुढे नाक कापलं जाणार? जावयापुढे! जावयाच्या नजरेतून उतरलेला सासरा म्हणजे घरातला जुना मिक्सर, टाकवत नाही आणि लावतही नाही कोणी.

तेवढ्यात नजर गेली बादलीमागे. पांढराशुभ्र. विश्रांती घेतलेला.

बुधवारी सकाळी नीरजा देवपूजेला बसली असताना मी त्या पिशवीतले चारशे ग्रॅम मोजून डब्यात भरले, वरून हात फिरवून सारखे केले. काटा म्हणाला, तीन किलो शंभर. एका ग्रॅमचा फरक नाही. इतकं सुंदर काम मी निवृत्त झाल्यापासून केलं नव्हतं.

गुरुवारी श्रीयशचा फोन आला.

"बाबा, ती जुनी पिशवी टाकलीत ना?"

"टाकली," मी म्हणालो. कुठे, ते त्याने विचारलं नाही.

"बरं झालं. तो चुना फार फसवतो. एक-दोन दिवस ठेवला की परत पांढरा होतो, पण काम शून्य. मेलेला असतो. तो डब्यात गेला तर पाण्याखाली आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, मग माणूस बेशुद्ध. कळतसुद्धा नाही. बाबा? ऐकू येतंय ना?"

"येतंय," मी म्हणालो. मी गॅलरीतच होतो, त्या बादलीसमोर.

आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? तिथेच सांगून टाकेल. मी शुक्रवारी परवानगी रद्द करायला त्या कार्यालयात गेलो. म्हटलं, परवानगीच नसली तर बुडी नाही, बुडी नाही तर डबा नाही, डबा नाही तर घट नाही.

"रद्द?" कारकून म्हणाला. "मंगळवारी तर एवढे मागे लागला होता. रद्द करायला अर्जदार लागतो. तुम्ही कोण?"

"सासरा."

"सासऱ्याला रद्द करता येत नाही," असं म्हणून तो जेवायला गेला.

शनिवारी राजेंद्रांना सांगितलं. नंदाबाईनेच सांडलं, मी काय करणार, असंही सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही आजारी पडा. मी म्हणालो, मी आजारी पडलो म्हणून तो बुडायचा थांबणार आहे का? ते म्हणाले, हो, तेही आहे. मग त्यांनी माझ्याकडे न बघता चहा संपवला. विश्रांतीची कल्पना त्यांचीच होती, पण ती त्यांना आता आठवत नव्हती.

शेवटी नीरजाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, मग विळी आडवी केली.

"आत्ता फोन लावा."

"तो गाडीवर असेल. उद्या प्रत्यक्षच सांगतो."

"अहो, आपला जावई आहे तो. आपल्या मुलीचा नवरा आहे."

"माहीत आहे मला!"

"मग पाण्याला पाय लागायच्या आत सांगा. नाहीतर मी सांगेन, आणि मी कसं सांगते ते तुम्हाला ठाऊक आहे."

रविवारी नीरजाने गाडी काढली आणि आम्ही दोघं धरणाकाठच्या तिकोणा पेठेला गेलो. डबा माझ्या मांडीवर. पाण्याच्या काठाला भिमाजींचं घर आहे, त्यांच्या अंगणात ही मंडळी सामान लावतात. श्रीयशचे पाच मित्र आले होते, रेणुकाताई आल्या होत्या. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, कमी बोलणारी बाई. भिमाजी खाटेवर बसून सगळा पसारा बघत होते.

"आमची म्हस बी दिसभर पान्यात बसती," ते मला म्हणाले. "तिला कुटं चुना लागतो?"

मी हसलो नाही. नीरजा माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, आधी चहा घेऊ. चहा झाला. म्हणालो, ऊन वाढू दे, पाणी गार असेल. श्रीयश म्हणाला, खाली नेहमीच गार असतं. म्हणालो, आज रविवार, चांगलं असतं का रविवारी? नीरजाने घसा खाकरला.

श्रीयशने डबा घेतला. चिठ्ठी वाचली. खिशातून हूक लावलेला छोटा काटा काढून वजन केलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"तीन किलो शंभर! रेणुकाताई, हे बघा. आठवडाभर ठेवलाय आणि वजन जसंच्या तसं. मी म्हणालो होतो ना, आमचे बाबा म्हणजे बाबा. यांच्याकडे कधी काही कमी होत नाही."

आणि तो डबा यंत्रात बसवायला वाकला. मला त्याची मान दिसली. मानेवर आसावरीने बांधलेला काळा दोरा होता. तिचा यंत्रांवर विश्वास नाही, म्हणून.

"थांब," मी म्हणालो. "त्यातले चारशे ग्रॅम माझे आहेत."

"म्हणजे?"

"नंदाबाईने सांडलं थोडं. गच्चीवर."

"सांडलं ते ठीक आहे," श्रीयश सावकाश म्हणाला. "भरलं कोणी?"

भिमाजी खाटेवरून उठून पुढे आले.

"मी. त्या जुन्या पिशवीतला. पांढरा झाला होता रे तो. घट दाखवायची नव्हती मला. एकतीस वर्षं..." डबा अजून त्याच्या हातात होता.

श्रीयशने डबा खाली ठेवला. मित्र एकमेकांकडे बघू लागले. त्याने रागवायला हवं होतं. चार शब्द बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने फक्त डब्यावरची चिठ्ठी काढली, घडी घालून खिशात ठेवली, आणि भिमाजींनी दाखवलेल्या खड्ड्यात सगळा डबा रिकामा केला. माझे चारशे आणि त्याचे दोन तास, सगळे.

"आजची परीक्षा होणार नाही," रेणुकाताई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात मी परत येईन." मग माझ्याकडे वळल्या. आता ऐकून घ्यायचं, असं मनाशी ठरवून मी उभा राहिलो. "काका, लोणावळ्यात घर कोरडं आहे का?"

"लोणावळ्यात?" नीरजा म्हणाली.

"एखादी कोरडी खोली, कुलूप असलेली. या सगळ्यांचे डबे कोणाच्या गाडीत, कोणाच्या बाल्कनीत पडलेले असतात. सांडतं सगळ्यांचंच. सांगत कोणी नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी पाण्यात उतरायच्या आधी सांगितलं."

उशिरा सांगितलं, असं मी म्हणणार होतो. पण तोवर त्या पाच मुलांनी आपापले डबे आमच्या गाडीच्या डिकीत ठेवलेसुद्धा होते. करायला काय गेलो आणि पदरात काय पडलं! येताना आमची गाडी श्रीयशने चालवली. लोणावळा आल्यावर श्रीयश म्हणाला, "बाबा, दर रविवारी येईन मी मोजायला." मग थोड्या वेळाने, "तुमच्याबरोबर." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. चिक्कीची दुकानं लागली होती, बघण्यासारखं काही नव्हतं.

सोमवारी सकाळी पाच डबे आसावरीच्या जुन्या खोलीत ओळीने लावले. नंदाबाई केरसुणी घेऊन दारात आल्या, डब्यांकडे बघून थबकल्या.

"भाऊ, शेजारचं राजेंद्र भाऊ म्हनत्यात माज्यामुळं पावन्यांची परीक्षा बुडाली. खरं हाय का?"

"केर काढा," मी म्हणालो.

त्या खाली मान घालून केर काढू लागल्या. मी रजिस्टर उघडलं. डबा क्र. १. घट चारशे ग्रॅम. लिहायला फार वेळ लागला नाही, आकडाच तर होता. मग पुढचा रकाना, 'कारण'. तिथे मी सवयीने लिहून गेलो, 'नंदाबाई'. आणि पेन तसंच थांबलं.

सांडल्या सांडल्या ज्या बाईने समोर येऊन सांगितलं, तिचं नाव. तिने न विचारता सांगितलं होतं. मला पाच दिवस लागले, एक खेप कार्यालयात, आणि एक काळा दोरा.

मी ते नाव खोडलं. नियमाप्रमाणे खाडाखोडीवर सही केली. आणि पुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'शरच्चंद्र, स्टोअरकीपर'.

"नंदाबाई," मी म्हणालो, "परीक्षा माझ्यामुळे बुडाली. राजेंद्रांना मी सांगतो."

"व्हय?" त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, माझ्याकडे आणि मग डब्यांकडे बघितलं. "मग ह्यास्नी ऊन दावायचं का न्हाई, त्ये बी लिहून ठिवा तितंच."